दसऱ्याचं तोरण घरीच ओवायचंय? पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

खंडेनवमीच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर तयार तोरणांचे ढीग लागलेले असतात. दिसायला टवटवीत, पण त्यातलं बरंचसं आदल्या दिवशीच ओवलेलं असतं आणि ताजं दिसावं म्हणून दिवसभर त्यावर पाण्याचा हबका मारलेला असतो. ते पाणी झेंडूच्या पोटात जाऊन बसतं आणि दसऱ्याच्या दुपारी सोनं लुटायच्या आधीच फुलं काळी पडायला लागतात. तेवढ्याच पैशांत, कधी कधी कमीतही, घरी याहून चांगलं तोरण होतं. पहिल्यांदा करणाऱ्याला दोनेक तास लागतील. हाताशी कुणी असेल तर गप्पा मारत त्याहून लवकर होईल.

हा लेख दसरा डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. पद्धत मात्र गुढीपाडव्याला, गणपतीला किंवा घरच्या कार्यालाही हीच. फुलं तेवढी बदलायची, ती कोणती हे पुढे येईलच.

आधी दार, मग बाजार

फुलं आणण्याआधी टेप घेऊन दारात उभे राहा. फ्लॅटचं मुख्य दार साधारण साडेतीन फुटांचं असतं. शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत चौकट बुटकी सापडते, तिथे झोल जपून ठेवावा लागतो. नवखे लोक नेमके इथेच फसतात. वाटतं, दोरी चांगली अर्धा फूट सैल सोडली की छान कमान पडेल. साडेतीन फुटांच्या दाराला फक्त दोन इंच जादा दोरी सोडली तरी मधोमध साडेपाच इंच झोल पडतो. सहा इंच सोडली तर तोच झोल पाऊण फुटाच्या वर जातो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याला झेंडू लागतो. तेव्हा दाराच्या मापात दोन इंच मिळवा, दोन्हीकडे बांधायला एकेक फूट धरा. साडेतीन फुटी दाराला सहा फूट सुतळी पुरते.

दार कुठे उघडतं तेही बघून ठेवा. फ्लॅटला बाहेरून जाळीचा दरवाजा असेल आणि तो बाहेर उघडत असेल, तर बिजागरीच्या बाजूची लड, म्हणजे तोरणाच्या टोकाला खाली सोडलेली माळ, त्यात चेमटते. अशा घरी त्या बाजूची लड आखूड करा नाहीतर भिंतीच्या बाजूला चार बोटं सरकवून बांधा.

खिळे असतील तर प्रश्न नाही. भाड्याच्या घरात खिळा ठोकता येत नसेल तर चिकटवायचे हूक चालतात, पण ते आदल्या दिवशीच लावा, म्हणजे डिंक धरतो. फुलं-पानं मिळून तोरणाचं वजन किलोच्या आसपास जातं. हुकाच्या पाकिटावर किती वजन पेलतो ते लिहिलेलं असतं, ते वाचा. दोन टोकांना दोन आणि मधोमध एक असे तीन हूक लावले की कुठल्याच एकावर सगळा भार येत नाही. चौकटीचा ऑइलपेंट जुना नि पोपडे सुटलेला असेल, तर हूक रंगासकट खाली येतो. तिथे वरच्या जाळीला किंवा झडपेच्या गजाला बांधलेलं बरं.

सामान

सुतळी. जाड सुती दोरा. वाकळ (गोधडी) शिवायचा असेल तर उत्तम. दाभण किंवा वाकळेचीच लांब सुई. मेणबत्तीचा तुकडा, कात्री आणि खराट्याच्या चार-पाच काड्या. बस्स. नायलॉनचा तंगूस आणू नका. मजबूत असतो खरा, पण ओल्या फुलाला सुरीसारखा कापत जातो आणि गाठही धरत नाही.

टाचण्या आणि स्टेपलर तर नकोच. सण झाला की तोरण कुठेतरी कोपऱ्यात पडतं आणि तिथे गाय नाहीतर शेळी तोंड घालतेच.

फुलं घेताना

कोल्हापुरात फुलांसाठी शिंगोशी मार्केट आहेच. सणाच्या दिवसांत मात्र कपिलतीर्थ, लक्ष्मीपुरी, गंगावेश, कुठेही रस्त्याकडेला पोती उघडून शेतकरी बसलेले असतात. दसऱ्याच्या सकाळी सगळ्यांचीच धावपळ असते म्हणून तेव्हा दर चढा आणि माल दाबलेला. दुपारनंतर कधी कधी हाच झेंडू मातीमोल होतो, पण तोवर तुमचं दार उघडंच राहिलेलं असतं. खंडेनवमीच्या दुपारी घेतलेला माल सगळ्यात सोयीचा.

पोत्याच्या तोंडाशी ठेवलेली फुलं कायम चांगलीच असतात. "मावशी, खालची दाखवा की," म्हणा आणि हात पोत्यात मनगटापर्यंत घाला. आत ऊब लागली तर ते पोतं सोडा. दाटीत कोंडलेली फुलं आतल्या आत तापतात आणि एकदा तापलेलं फूल रात्रभरात मऊ पडतं. मग एक फूल उलटं करून देठाकडची हिरवी वाटी दोन बोटांत दाबा. ती घट्ट, कोरडी, हिरवीगार हवी. वाटी पिवळट किंवा बुळबुळीत असेल, तर वरून पाकळ्या कितीही केशरी दिसू देत, उद्या त्या गळणार. परतीचा पाऊस झालेला असेल तर ही तपासणी प्रत्येक पोत्याला करा. पावसात भिजलेला झेंडू स्वस्त मिळतो, पण तोरणाला तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

किती घ्यायची? मध्यम आकाराची फुलं किलोत साधारण शंभर ते दीडशे बसतात. साडेतीन फुटी दाराला वरची माळ आणि दोन्हीकडे दोन-दोन फुटांच्या लडी धरल्या तर साठ-पासष्ट फुलं लागतात. निवडून टाकायची धरून पाऊण किलो पुरे. खंडेनवमीला गाडीला, घरातल्या अवजारांना माळ घालायची असेल तर सरळ किलोभर घ्या. केशरी तीन वाटे आणि पिवळा एक वाटा घेतला की रंग उठून दिसतो. नुसता केशरी लांबून एकसारखा पट्टा वाटतो.

आंब्याचे टहाळे त्याच बाजारात जुडीने मिळतात. तांबूस कोवळी पालवी मोहात पाडते, पण ती तासाभरात मान टाकते. गडद हिरवं, हाताला जाड लागणारं जून पान घ्या, पंचवीस-तीस. ते वाळलं तरी गळत नाही, दिवाळीपर्यंत दारावर राहतं. आंबा मिळाला नाही तर अशोकाची पानं चालतात, म्हणजे सोसायटीच्या कुंपणाला सरळसोट उभ्या झाडाची. खरा सीतेचा अशोक वेगळा. त्याला हात लावू नका.

दसऱ्याच्या सुमाराला राधानगरी, गगनबावडा भागातून भाताच्या लोंब्यांच्या जुड्याही येतात. एक जुडी जरूर घ्या. झेंडूच्या गर्दीत लोंब्यांचा तो फिका सोनेरी रंग फार शोभतो आणि त्या वाळायचा प्रश्नच नसतो.

आदली रात्र

घरी आल्या आल्या पिशवीतून फुलं बाहेर काढा. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला झेंडू सकाळी कुबट वास मारतो. वर्तमानपत्रावर एकेरी थर पसरा. फुलं ओलसर असतील तर तासभर पंखा लावा. मग वरून ओलं करून घट्ट पिळलेलं सुती फडकं हलकेच झाकून ठेवा. झेंडूवर पाणी मारायचं नाही.

फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर कागदात गुंडाळून खालच्या कप्प्यात ठेवा, पण तिथे पिकलेली केळी, सफरचंदं नकोत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने फुलं लवकर म्हातारी होतात.

पानांचं अगदी उलट. टहाळ्यांच्या काड्यांची टोकं तिरकी कापा आणि रात्रभर पाण्याच्या बादलीत उभे करून ठेवा. सकाळी पानं तोडून ओल्या फडक्याने पुसा. धूळ गेली की आंब्याचं पान जे चमकतं, त्याला वरून तेल-बिल लावायची गरज पडत नाही.

पानांची सुतळी

पानं आणि फुलं एकाच दोऱ्यात ओवतात, तसंही करता येतं. पण नवख्या माणसाने दोन वेगळ्या दोऱ्या कराव्यात: मागे पानांची, पुढे फुलांची. दोरा तुटला तर सगळंच खाली येत नाही. शिवाय झेंडू सुकल्यावर नुसती फुलांची माळ बदलता येते.

सुतळी दोन खुर्च्यांच्या मध्ये ताणून बांधा. पान चमकती बाजू तुमच्याकडे करून सुतळीच्या मागे धरा, देठ वर. देठाकडचा इंचभर भाग पुढे, सुतळीवरून खाली दुमडा. आता खराट्याच्या काडीचा दीड इंचाचा तुकडा घ्या आणि दुमडलेले दोन्ही पदर टोचून, पुन्हा मागून पुढे काढा, टाका घालतो तसं. दुमड सुतळीच्या अगदी लगत हवी. सैल राहिली तर पान वाऱ्याने गरगर फिरतं आणि पाठ दाखवतं. सरावलेल्या बायका काडीसुद्धा वापरत नाहीत, पानाचा देठच पानात खोवतात. ते चार-दोन पानांत जमेल असं नाही, आधी काडीनेच करा.

पुढचं पान पहिल्याच्या कडेवर अर्धा बोट चढवा. असं करत मधल्या साडेतीन फुटांत पानं भरली की हाताने सरकवून अंतर सारखं करा. लोंब्या असतील तर दर चार-पाच पानांमागे तीन-चार लोंब्यांचा झुबका दोऱ्याने सुतळीला बांधा.

फुलं ओवताना

दोरा दुहेरी घ्या आणि मेणबत्तीवरून दोन-तीनदा ओढा. मेण लागलं की तो फुलातून सहज सरकतो, पीळ पडत नाही.

देठ कापताना वाटीला लागून कापा, वाटी मात्र कापू नका. झेंडूच्या सगळ्या पाकळ्या त्या हिरव्या वाटीतच रोवलेल्या असतात. तिचा तळ उडवला की फूल हातात विस्कटतं.

ओवायच्या दोन तऱ्हा आहेत आणि तोरणात दोन्ही लागतात. वरच्या आडव्या माळेला सुई वाटीतून आडवी घाला, एका बगलेतून दुसऱ्या बगलेत. सगळी फुलं समोर तोंड करून बसतात, पाठ चौकटीला टेकते. एक फूल साधारण दोन इंच जागा घेतं, म्हणून साडेतीन फुटांना बावीसेक फुलं पुरतात. सुई वाटीच्या मध्यावर जायला हवी. कडेने गेली तर वाटी फाटते. फुलं घट्ट लागतात ती इथेच, मऊ वाटीला हा ताण सोसत नाही.

लडींना सुई देठाकडून घालून फुलाच्या मधून बाहेर काढा. मात्र सगळ्यात खालचं फूल आधी ओवायचं, तेही उलट्या बाजूने: तोंडाकडून सुई घालून देठाकडे काढायची, म्हणजे लटकल्यावर तोंड खाली राहतं. त्यानंतरची फुलं तोंड खाली की वर हा आवडीचा भाग आहे. मला सगळी खाली तोंड केलेली आवडतात. हे खालचं फूल निसटू नये म्हणून दोऱ्याच्या टोकाला कापलेल्या देठाचा अर्ध्या इंचाचा तुकडा आडवा बांधा. मण्याचं काम तो फुकटात करतो. दोन फुटांच्या लडीला वीसेक फुलं लागतात.

फुलं एकमेकांना टेकतील एवढी जवळ असू देत. दाबून भरली तर पाकळ्या मोडून काळ्या पडतात. विरळ ठेवली तर दुसऱ्या दिवशी फुलं आक्रसली की मधला दोरा दिसायला लागतो.

रंगांचं गणित साधं ठेवा: तीन केशरी, एक पिवळं. वरच्या माळेत मधोमध सगळ्यात मोठं पिवळं फूल ठेवून दोन्हीकडे ओवत गेलात तर डावी-उजवी बाजू आपोआप जुळते.

बांधणी

पानांची सुतळी आधी दाराला बांधा आणि मग फुलांची माळ तिच्यावर. दर वीतभर अंतरावर बारीक दोऱ्याने सुतळी आणि माळ एकत्र आवळा. गाठी पानांमागे जाऊ देत. लडी सगळ्यात शेवटी, दोन्ही टोकांना, आणि सोडायला सोप्या अशा सरगाठीने. हे काम स्टुलावर चढून एकट्याने करू नका. खाली एकजण धरायला आणि लांबून "डावीकडं जरा वर घे" म्हणायला हवाच.

दार पश्चिमेकडे असेल तर ऑक्टोबरचं दुपारचं ऊन थेट येतं आणि झेंडू दुसऱ्या दिवशी कडांना तपकिरी होतो. अशा दाराला लडी दोनच, पण पानं आणि लोंब्या जास्त घाला. पूर्वेच्या किंवा जिन्यातल्या सावलीच्या दारावर हेच तोरण तीन दिवस छान राहतं. सकाळी पानांवर, फक्त पानांवर, हलकं पाणी शिंपडा.

दसरा सोडून इतर वेळी

पाडव्याला आंब्याबरोबर कडुनिंबाचा मोहोर घाला. झेंडू तेव्हा महाग आणि मरगळलेला असतो, त्याच्यामागे लागू नका. चैत्रातली खरी चीज म्हणजे दवणा. जोतिबाच्या यात्रेसाठी तो ढिगाने येतो. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणा वाहतात. तोरणात दर तीन पानांमागे दवण्याची एक काडी बांधली की जिन्यातच वास येतो. वाळल्यावरही तो वास जात नाही, म्हणून तोरण उतरवताना काड्या कपाटात साड्यांच्या घडीत ठेवा.

मोगरा ओवू नका, गाठवा. सुईने कळी लवकर लाल पडते. फुलवाले केळीच्या सोपटाचा (खोडाच्या सालीचा) ओला धागा वापरतात, तो त्यांच्याकडूनच मागून घ्या.

पावसाळ्यात बाहेरच्या दारावर फुलांचा हट्ट धरू नये. गौरी-गणपतीला आंब्याची पानं, दूर्वांच्या जुड्या आणि मधोमध तेरड्याचा झुबका एवढंच पुरतं. तेरड्याच्या पाकळ्या फार नाजूक, सकाळचं संध्याकाळी बदलावं लागतं.

थंडीत मात्र चैन असते. शेवंती, अष्टर, गुलछडी सगळंच ताजं येतं. त्या दिवसांत आडव्या तोरणाऐवजी दाराच्या मधोमध गोल कडं करून बघा. नाताळला ख्रिस्ती घरांच्या दारावर असतं तसं. बुरुडाकडून बांबूच्या कामटीचं फूटभर व्यासाचं कडं करून घ्या किंवा गुळवेलीची वेल तीन-चार वेढे देऊन बांधा. त्यावर ओलं बारदान किंवा केळीचं सोपट गुंडाळा, डोक्यावरच्या चुंबळीसारखं गुबगुबीत होईपर्यंत. पाणी त्यातच राहतं. मग दोन शेवंत्या, एक अष्टर, तुळशीची मंजिरी असे बोटभर देठाचे छोटे झुबके करा. पहिला झुबका कड्यावर दोऱ्याने बांधा, दुसरा अशा बेताने ठेवा की त्याची फुलं पहिल्याच्या देठांवर येतील. सगळे झुबके एकाच दिशेने, दोरा न तोडता. शेवटच्या झुबक्याचे देठ पहिल्याच्या फुलांखाली सारा. वीस-बावीस झुबक्यांत कडं भरतं.

एक खबरदारी: नुसत्या पांढऱ्या फुलांचं कडं करू नका. आपल्याकडे गोल पुष्पचक्र स्मारकावर वाहतात आणि घरातली वडीलधारी माणसं ते दारात बघून नाराज होतात. ती चुकीची आहेत असंही नाही. भरपूर पिवळा-तांबडा रंग आणि खाली आंब्याची पाच पानं लावली की कुणाची तक्रार उरत नाही.

उतरवल्यावर

सुतळी, दोरा, हूक काढून ठेवा, पुढच्या वेळी चालतात. सुकलेली फुलं-पानं पंचगंगेत किंवा रंकाळ्यात टाकू नका. कुंडीत चुरून मातीखाली दाबा. आंब्याची पानं कुजायला वेळ घेतात, त्यांचे तुकडे करा.

त्याआधी गावठी झेंडूची चार-पाच पूर्ण वाळलेली फुलं बाजूला काढा. पाकळी ओढली की तिच्या बुडाला काळी, सुईसारखी बारीक बी येते. कागदाच्या पुडीत बांधून कोरड्या जागी ठेवा आणि आषाढात कुंडीत पेरा. महिन्याभराने रोपं उचलून लावली की दसऱ्याच्या सुमाराला फुलं धरतात. मोठ्या संकरित फुलाचं बी उगवेल, पण फूल तसंच येईल याचा भरवसा नाही, म्हणून बी गावठीचंच ठेवा.